कौशल्य हवे, नवी बलुतेदारी नको!

देशात सध्या 'कौशल्य' या शब्दाचा मोठा गजर सुरू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-सेतू' योजनेचा प्रारंभ केला. ६० हजार कोटी रुपये खर्चून देशातील एक हजार शासकीय आयटीआय अद्ययावत करायचे आणि त्यांच्या कारभारात उद्योगपतींना सामील करून घ्यायचे, अशी ही योजना. त्याआधी २०२३ मध्ये 'पीएम विश्वकर्मा' आली, २०२४ मध्ये महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली. त्याच्याही आधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगून टाकले होते, की २०२५ पर्यंत शाळा-महाविद्यालयांतील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल. ते २०२५ साल येऊन गेले. या सगळ्या गजरात आमचा सवाल एकच आहे. बौद्धवाड्यातला, मातंग वस्तीतला, भटक्यांच्या पालावरचा मुलगा या योजनांतून कुठे जाऊन पोहोचणार? कारखान्याच्या यंत्रापाशी, की पुन्हा बापाच्याच कामावर?

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की आमचा विरोध तांत्रिक शिक्षणाला नाही. हाताने काम करणारा हलका आणि पोथी वाचणारा श्रेष्ठ, ही शिकवण मनुवादी व्यवस्थेची आहे. ती आमची कधीच नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले, तेव्हा प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेबाबरोबर शेतीचे ज्ञान आणि आरोग्याचे पाठही असावेत, अशी मागणी त्यांनी केली होती. कष्टकऱ्याच्या उपयोगी पडेल ते शिक्षण, हा सत्यशोधकी विचार आहे. म्हणूनच कौशल्याच्या नावाने आमच्या मुलांच्या पदरात नेमके काय टाकले जात आहे, हे तपासण्याचा अधिकार आम्हाला आहे.

कौशल्य आमच्याकडे नव्हते काय?

आजकाल तज्ज्ञ मंडळी सांगतात, की बेरोजगारीचे कारण तरुणांत कौशल्य नाही हे आहे. बहुजन समाजाच्या बाबतीत हे विधान इतिहासाला धरून नाही. मेलेल्या जनावराच्या कातड्यापासून टिकाऊ मोट, पखाल आणि पायताण कोणी बनवले? गावगाड्याला लागणारे दोरखंड कोणी वळले? जमिनीच्या हद्दीचा वाद निघाला की कोणाची साक्ष गाव प्रमाण मानत होते? चर्मकार, मातंग, महार, वडार, कैकाडी, लोहार, कुंभार हे सगळे कुशल कारागीर होते. त्यांना कौशल्य होते. कौशल्याचा भाव ठरवण्याचा हक्क मात्र नव्हता. काम बदलण्याची मुभा नव्हती. कामाची मजुरी म्हणजे बलुते, आणि तेही मालकाच्या मर्जीवर. त्यातही अस्पृश्यांच्या वाट्याला उष्टे-शिळे आणि वर विटाळाचा शिक्का.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी चपलेसारखी पायताणे दाखवली. कोल्हापूरचे नावही तेव्हा घेतले नव्हते. महाराष्ट्रात आरडाओरड झाल्यावर कंपनीने या कलेचा उगम मान्य केला. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पिढ्यान् पिढ्या कातडे कमावणाऱ्या, टाके घालणाऱ्या चर्मकाराच्या हातात कौशल्य होते, सरकारी मानांकनही होते. त्याच्याकडे भांडवल नव्हते, बाजार नव्हता, स्वतःचा कारखाना नव्हता. मग कोण म्हणतो, की नुसते कौशल्य दिले की दारिद्र्य जाते?

एकाच वर्षातले दोन लढे

या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ सालीच कृतीतून दिले आहे. त्या एकाच वर्षात त्यांनी दोन आघाड्यांवर लढाई केली. आजच्या प्रत्येक कौशल्य योजनेला लावायची कसोटी त्या दोन लढ्यांत आहे.

पहिली आघाडी महार वतनाची. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. जन्माने गळ्यात पडलेली, रात्रंदिवसाची, जवळजवळ फुकटची सरकारी चाकरी त्यांना संपवायची होती. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. वतन म्हणजे मान, असे समजून त्याला चिकटून राहणारे आमच्यातही होते. बाबासाहेबांनी समाजाला सांगितले, की ही गुलामगिरी आहे, तिच्यातून बाहेर पडा.

दुसरी आघाडी मुंबईच्या कापड गिरण्यांची. गिरणीत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. हे खाते अधिक पगाराचे. अस्पृश्यांना तेथे न घेण्याचे कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घालताना तुटलेला धागा विणकराला तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावायचे, हा सवर्ण कामगारांचा सवाल होता. म्हणजे यंत्र विलायती, मालक भांडवलदार, कामगार लाल बावट्याखालचा. आणि तरी जात धोट्याच्या छिद्रात येऊन बसलेली! १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना ठणकावून सांगितले, की विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याचा प्रश्न तुम्हाला हाती घ्यावाच लागेल.

आमच्या माणसांना त्या खात्यात मज्जाव होता तो विणता येत नव्हते म्हणून? मुळीच नाही. शिकायला उभेच राहू दिले नाही, म्हणून कौशल्य आले नाही. जन्माने लादलेल्या कामातून बाहेर पडण्याचा हक्क आणि चांगल्या पगाराच्या नव्या यंत्रापाशी उभे राहण्याचा हक्क, हे दोन्ही हक्क जी योजना देते ती आमची. जी पहिला हक्क नाकारते ती बलुतेदारी, आणि जी दुसरा नाकारते ती वेठबिगारी.

बाबासाहेबांची मागणी कोणत्या दर्जाची होती?

ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात तांत्रिक शिक्षणाच्या व्यापक कार्यक्रमाचा समावेश होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती आल्यावर, ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात त्यांनी मांडले, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भागणार नाही. त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च प्रतीचे शिक्षण हवे. ते खर्चिक असते, गरीब बापाला झेपत नाही, म्हणून सरकारने पैसा द्यावा. देशातील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, परदेशातील शिक्षणासाठी वेगळी तरतूद आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने अशा ठिकाणी आमच्या मुलांना तांत्रिक प्रशिक्षण, अशा या मागण्या होत्या. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही याच धडपडीची कमाई. आज आमचे जे डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी झाले त्यांतील बहुतेकांच्या घरी हा पैसा पोहोचला आहे.

येथे नीट लक्ष द्या. बाबासाहेबांनी रेल्वेचा वर्कशॉप आणि परदेशी विद्यापीठ या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात मागितल्या. फिटर व्हायचे की शास्त्रज्ञ, हे मुलाच्या बुद्धीने ठरावे. ते जातीने ठरू नये आणि बापाच्या खिशानेही ठरू नये. आजचे धोरणकर्ते वर्कशॉप दाखवतात आणि विद्यापीठाचे दार फीवाढीने हळूहळू लोटून घेतात. दोन्हींची ताटातूट केली, की आमच्या मुलासाठी आयटीआय आणि त्यांच्या मुलासाठी आयआयटी ही नवी चातुर्वर्ण्य व्यवस्था तयार झालीच म्हणून समजा.

विश्वकर्मा आणि राजाजींचे भूत

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलाने अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकावा! पेरियार रामसामी यांनी तिला 'कुलशिक्षण' म्हणून झोडपून काढले. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि परटाच्या मुलाने घाटच धरायचा, तर ब्राह्मणाच्या मुलाचे काय नुकसान होणार होते? राज्यभर आंदोलन पेटले. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी योजना गुंडाळली.

आता २०२३ ची विश्वकर्मा योजना पाहा. तरतूद १३ हजार कोटींची, व्यवसाय १८. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, टोपल्या-झाडू बनवणारे वगैरे. पाच-सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, पहिला हप्ता एक लाख, दुसरा दोन लाख. आज जो कारागीर पन्नाशीत आहे, ज्याच्या पोटापाण्याचे दुसरे साधन नाही, त्याने ही मदत जरूर घ्यावी. तो त्याचा हक्क आहे. पण कुटुंबाच्या परंपरागत धंद्याशी जोडलेली योजना अठरा वर्षांच्या पोरासाठीही खुली ठेवणे म्हणजे काय? या वयात त्याने बारावीचा निकाल घेऊन पुढच्या प्रवेशाच्या रांगेत उभे राहायचे, की बापाचीच रापी हातात घ्यायची? तामिळनाडू सरकारने नेमका हाच आक्षेप घेतला. कौटुंबिक धंद्याची अट काढा, किमान वय ३५ करा, असे त्यांनी सांगितले. केंद्राने ऐकले नाही, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आहे त्या स्वरूपात योजना राबवणार नाही असे कळवले आणि जातीशी संबंध नसलेली स्वतःची योजना काढली. पेरियारांच्या भूमीत हे होते. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात विधिमंडळात बसलेल्या आमच्या प्रतिनिधींना हा प्रश्न का सुचला नाही?

शिकाऊ आहे, कामगार नाही!

दुसऱ्या हक्काची, म्हणजे यंत्रापाशी उभे राहण्याच्या हक्काची गत काय आहे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांना उमेदवार घेणे बंधनकारक केले. ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे, असा आजचा नियम आहे. आमच्या कित्येक सुशिक्षित बांधवांनाही ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की १९७३ च्या दुरुस्तीने या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याचे कलम घातले गेले, आणि २००७ मध्ये ओबीसींचीही तरतूद झाली. खाजगी कारखान्यालाही लागू असलेले हे आरक्षण आहे! चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीच्या किती कारखान्यांत ते पाळले जाते, हे कोणी विचारत नाही. कारण विचारणारी संघटनाच तेथे नाही.

आणि जो आत शिरला त्याचे काय? कायदा म्हणतो, हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. त्यामुळे कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कामगाराच्या व्याख्येतून त्याला वगळले आहे. वर्ष संपल्यावर त्याला कामावर ठेवण्याचे बंधन मालकावर नाही. पूर्ण पाळी यंत्रावर उभे राहायचे, उत्पादन द्यायचे आणि मुदत संपली की दाखला घेऊन घरी जायचे. त्याच्या जागी दुसरा शिकाऊ हजर! २० मार्च २०१८ रोजी मुंबईत माटुंग्याजवळ रेल्वेचे शिकाऊ उमेदवार रुळांवर उतरले आणि ऐन गर्दीच्या वेळी लोकल गाड्या थांबल्या. प्रवाशांचे हाल झाले म्हणून वृत्तवाहिन्यांनी ओरड केली. शिकून, प्रमाणपत्र घेऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या त्या पोरांचे हाल किती दिवस चालले होते, याची चर्चा थोडक्यात आटोपली.

राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचीही तीच कथा. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये महिना. मुदत आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. सरकारी कार्यालयांतही मुलांना कामाला लावले. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून त्यांना आंदोलन करावे लागले. ज्या खुर्चीवर आरक्षणाने भरलेला कायम कर्मचारी बसायचा त्या खुर्चीवर आता 'प्रशिक्षणार्थी' बसतो. त्या जागेला ना बिंदुनामावली, ना पेन्शन. आरक्षण रद्द केले असे कोणी म्हणत नाही. आरक्षण जेथे लागू होते ती जागाच हळूहळू संपवली जाते.

नोकरी मागितली, प्रशिक्षण मिळाले

२००४ नंतर खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी जोर धरू लागली, तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी २००६ मध्ये आपली भूमिका जाहीर केली. आरक्षणाची सक्ती नको. आम्ही स्वेच्छेने दलित-आदिवासी तरुणांना प्रशिक्षण देऊ, शिष्यवृत्त्या देऊ, त्यांना लायक बनवू. म्हणजे दोष आमच्या लायकीत आहे, त्यांच्या नजरेत नाही! पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात, आडनावात. दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाच्या अर्जाची त्याहूनही कमी. १९२८ चा धोटा येथे पुन्हा दिसतो. फक्त छिद्र आता अर्जावरच्या नावाच्या रकान्यात आहे.

कोणी म्हणेल, पदवीधरांचे तांडे बेकार हिंडत आहेत, त्यापेक्षा हाताला धंदा बरा. या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही ते टाळत नाही. बी.ए. होऊन गावी बसलेल्या मुलापेक्षा चांगला इलेक्ट्रिशियन घर नीट चालवतो, हे आम्ही रोज पाहतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नोंद आहे, की १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी. जर्मनीत हे प्रमाण ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. पण तेथे कुशल कामगाराला पगार आणि मान आहे. सुताराचा मुलगा सुतार होईलच असे नाही आणि प्राध्यापकाच्या मुलाने वेल्डर होण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. येथे १९८६ च्या धोरणानेही १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकच्या २५ टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे ठरवले होते. ते जमले नाही. व्यवसाय शिक्षण म्हणजे नापासांची, गरिबांची, खालच्या जातींची वाट, हे समाजाने आधीच ठरवून टाकले होते. जोवर सवर्ण घरांतली मुले लेथ मशिनपाशी उभी राहत नाहीत आणि आमची मुले डिझाइनच्या टेबलापाशी बसत नाहीत, तोवर आकडे वाढतील, जात हलणार नाही. जात म्हणजे श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे निदान आजही तंतोतंत लागू पडते.

आमच्या मागण्या, आमची जबाबदारी

म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि नेमक्या आहेत. पीएम-सेतूमधून किंवा राज्याच्या भागीदारी धोरणातून उद्योगांच्या हाती जाणाऱ्या आयटीआयमध्ये प्रवेशाचे आणि शिक्षक भरतीचे आरक्षण अबाधित राहील, शासकीय जागांची फी वाढणार नाही, असे लेखी द्या. प्रत्येक औद्योगिक वसाहतीतील शिकाऊ उमेदवारांची प्रवर्गनिहाय यादी दरवर्षी जाहीर करा. मुदत पूर्ण केलेल्या उमेदवारांतून ठरावीक हिस्सा कायम भरतीत घेण्याचे बंधन खाजगी उद्योगांवरही घाला. महाराष्ट्रात आयटीआयच्या मुलाचे विद्यावेतन अनेक दशके दरमहा ४० रुपये होते, आता ते ५०० झाले. एवढ्यात खेड्यातल्या मुलाचा एसटीचा पासही सुटत नाही. वसतिगृह आणि जेवणाची सोय याच खर्चात धरा. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा याच कामासाठी आहे. २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. कर्नाटक, आंध्र, तेलंगणाप्रमाणे हा निधी दुसरीकडे वळवण्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात कधी होणार?

काही कामे मात्र सरकारची वाट न पाहता आपल्यालाच करायची आहेत. दहावीचा निकाल लागला, की प्रत्येक बुद्धविहारात प्रवेश मार्गदर्शनाचे टेबल लागले पाहिजे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, प्रवेशफेरीच्या तारखा, शिष्यवृत्तीचा अर्ज या पाच गोष्टींसाठी आमची शेकडो मुले हातची जागा गमावतात. मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लरच्या ट्रेडमध्येच ढकलू नका. इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, ड्राफ्ट्समन या ट्रेडचे अर्ज त्यांच्या हाती द्या. आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ही शिडी प्रत्येक घरात समजावून सांगा. फिटर झालेला मुलगा पुढे इंजिनिअर होऊ शकतो, हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत असले पाहिजे. रेल्वे, वीज मंडळ आणि मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आमचे हजारो कुशल कामगार आहेत. जयंतीच्या वर्गणीसाठी त्यांच्या दारी जाणारे कार्यकर्ते वर्षातून चार रविवार त्यांना मुलांपुढे उभे करतील, तर तो कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा मोठा वर्ग ठरेल.

१९२८ मध्ये विणकाम खात्याचे दार कोणी दया म्हणून उघडणार नव्हते. ते ठोठवावे लागले. आज दारे अधिक आहेत आणि त्यांवर पाट्याही गोड आहेत. पाटी वाचून हुरळून जाऊ नका. आत शिकाऊ म्हणून किती दिवस, कायम म्हणून कधी आणि वर जायचा जिना कोठे, हे विचारूनच पाऊल टाका. विचारायला एकटे जाऊ नका, संघटित होऊन जा.

जय भीम!